साथीच्या काळातील सेवा : रोडपाली परिसरासाठी काही व्यवहार्य सूचना

पनवेल महापालिकेच्या हद्दीतील रोडपाली आता नावापुरतेच गाव उरले आहे. तलाव आणि जुने गावठाण आहे, पण सभोवती सिडकोच्या वसाहतीतील उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. एका अंगाला कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार, दुसऱ्या अंगाला तळोजा औद्योगिक वसाहत, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा आरंभही कळंबोलीतच. दूरदूरच्या प्रांतांतून मालमोटारी येतात, चालक रात्र काढतात, माथाडी कामगार माल उतरवतात, पेढीवर हिशेब होतो आणि सायंकाळी सर्वजण आपापल्या घरी परततात. अशा ठिकाणी साथ मालाबरोबर आणि माणसांबरोबर, राजरस्त्यानेच येणार.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाला महामारी म्हटले, २५ मार्चपासून देशात टाळेबंदी लागू झाली आणि त्या आजाराबाबतची जागतिक आणीबाणी संपल्याची घोषणा ५ मे २०२३ रोजी झाली. या काळात व्यापारी कुटुंबांनी धान्य, जेवण, औषधे आणि प्राणवायू मुक्तहस्ते दिला. देण्याची वृत्ती या समाजाला शिकवावी लागत नाही. परंतु गर्दी जमवून दिलेले दान घेणाऱ्याच्या घरी धान्याबरोबर आजारही पोहोचवू शकते, ही गोष्ट घाईत विसरली जाते. पुढील साथ केव्हा येईल हे कोणास ठाऊक नाही. तथापि मदतीची रीत शांततेच्या काळातच ठरवून ठेवता येते.

या विषयाचा आपल्या बाजाराशी जुना संबंध आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईतील प्लेगचे निदान केले ते मांडवी भागात. गोदीलगतचा, धान्याच्या वखारींचा हा भाग. तेथे व्यापारी आणि हमाल दाटीवाटीने राहत. कळंबोलीस हलविलेला लोखंड बाजार मूळचा त्याच परिसराशेजारच्या कर्नाक बंदराचा. प्लेगच्या भीतीने लाखो लोकांनी मुंबई सोडली आणि पळणाऱ्यांबरोबर रोगही गावोगाव गेला. पुण्यात १८९७ साली रँडसाहेबांच्या अमदानीत सैनिकांकरवी घरांच्या झडत्या झाल्या. परिणाम असा झाला की लोक आजारी माणसास माळ्यावर, कोठीत लपवू लागले. उलट मुंबईत निरनिराळ्या समाजांनी स्वतःची प्लेग रुग्णालये उघडली, तेव्हा तेथे आपले खाणेपिणे व आपले आचार पाळले जातील या भरवशावर रुग्ण स्वतः येऊ लागले. सक्तीला जे साधले नाही ते ओळखीच्या माणसाच्या शब्दाने साधले. २०२० साली धारावीत हाच अनुभव पुन्हा आला. महापालिकेच्या पथकांबरोबर त्या वस्तीतील खासगी डॉक्टर तपासणीस उतरले, त्यामुळे दारे उघडली गेली.

भारतीय जैन संघटनेनेही त्या वर्षी फिरत्या दवाखान्यांच्या गाड्या वस्त्यांतून नेल्या. रुग्णांनी एका मंडपात गोळा होण्याऐवजी डॉक्टरच गल्लीत गेले. अनुकरण करण्याजोगी रीत ती हीच.

साथीची वार्ता आल्यावर पहिला प्रश्न विचारावा तो असा : हा रोग पसरतो कसा? प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे, पटकी दूषित पाण्याने, कोरोना श्वासातून. उपाय त्यानुसार बदलतात. आपल्या घरोघरी पाणी उकळून पिण्याची रीत आहे. ती पटकीपासून वाचवते, हवेतून येणाऱ्या विषाणूपासून नव्हे. मुहपत्तीचा हेतू जीवदयेचा आहे. तिला वैद्यकीय मुखपट्टीच्या जागी धरू नये. हे स्पष्ट बोललेले बरे, कारण परंपरेच्या भरवशावर बेसावध राहिलेली काही घरे त्या काळात पाहावयास मिळाली.

आता प्रत्यक्ष तयारी. प्रत्येक सोसायटीत एक वही असावी. एकटे राहणारे वृद्ध कोण, मधुमेह, दमा, मूत्रपिंडाचा विकार कोणास, डायलिसिससाठी कोणास जावे लागते, कोणाची मुले परगावी आहेत, हे त्या वहीत लिहावे. ही माहिती संमतीनेच घ्यावी आणि दोन विश्वासू व्यक्तींपलीकडे जाऊ देऊ नये. व्हॉट्सॲपच्या गटावर रुग्णाचे नाव फिरले की पुढचा रुग्ण आजार लपवितो. पुण्याच्या झडत्यांचा धडा येथेही लागू पडतो.

शिधावाटपासाठी रांग लावू नये. गोदामात चार-पाच जणांनी दारे-खिडक्या उघड्या ठेवून पिशव्या भराव्यात. दोघादोघांच्या जोडीने त्या दारापर्यंत न्याव्यात, उंबऱ्यावर ठेवाव्यात, हाक मारून मागे सरावे. जोडी रोज तीच असावी, म्हणजे एक आजारी पडल्यास दुसराच तेवढा विलग करावा लागतो, सगळे पथक नव्हे. साठीपुढील व्यक्तींनी दूरध्वनी आणि हिशेब सांभाळावा. ज्यास ताप किंवा खोकला आहे त्याने कितीही उत्साह असला तरी घरी बसावे. दात्याचे छायाचित्र काढण्याचा सोहळा तर पूर्णपणे टाळावा. तो गर्दीही करतो आणि घेणाऱ्यास खालीही पाहावयास लावतो. माणसांवर जंतुनाशक फवारण्याचा प्रकार २०२० मध्ये काही ठिकाणी झाला. त्याने विषाणू शरीरातून जात नाही, डोळ्यांना व त्वचेला मात्र इजा होते.

याहून महत्त्वाची बाब मजुरीची आहे, आणि व्यापाऱ्यांच्या बैठकीत तीवर सर्वांत कमी बोलले जाते. ज्या हमालाची सुटी म्हणजे उपास, तो ताप अंगावर काढून कामावर येणारच. त्याच्यामुळे पेढीवरचे आठ-दहा जण आणि त्यांची घरे आजारी पडतात. आजाराच्या दिवसांची मजुरी देणे ही दया म्हणून मोजू नये. तो पेढी चालू ठेवण्याचा खर्च आहे आणि विम्याच्या हप्त्याप्रमाणे तो आधीच बाजूला काढता येतो. माथाडी मंडळात नोंद असलेल्या कामगारांना काही संरक्षण आहे, परंतु नोंद नसलेले सुटे मजूर, क्लीनर, चहावाला पोऱ्या यांचे काय, हे प्रत्येक पेढीने स्वतः ठरवावे. परप्रांतीय चालकांसाठी वजनकाट्याजवळ उघड्यावर हात धुण्याची सोय, स्वच्छतागृह आणि पावत्या खिडकीतून देण्याची व्यवस्था एवढे केले तरी कार्यालयातील वर्दळ निम्म्यावर येते.

घरी रुग्ण असल्यास त्यास हवा खेळती असलेली स्वतंत्र खोली द्यावी आणि सेवा एकाच सुदृढ व्यक्तीने करावी. श्वसनाच्या साथीत ऑक्सिमीटर उपयोगी पडतो. बोट गरम असावे, नखाला रंग नसावा, आकडा स्थिर झाल्यावरच लिहावा. ९४ किंवा त्याखाली आकडा आल्यास डॉक्टरांना कळवावे. ९०च्या खाली गेल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. सहा मिनिटे घरातच चालून आकडा तीनहून अधिक उतरला तरीही वाट पाहू नये. मात्र ज्यांना आधीच धाप लागते त्यांनी ही चाचणी करू नये. तापात उपवास किंवा आयंबिल चालू ठेवण्याचा आग्रह घरच्यांनी धरू नये. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत तर डॉक्टरांचा शब्द अखेरचा समजावा.

२०२१च्या उन्हाळ्यात प्राणवायू संचांसाठी धावपळ झाली. संघाकडे असे चार-पाच संच असतील तर त्यांची चोपडी पेढीच्या चोपडीइतकीच चोख हवी : कोणास दिला, कोणत्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, केव्हा परत आला, गाळणी केव्हा स्वच्छ केली. सौम्य गरजेसाठी तो ठीक. अत्यवस्थ रुग्णास त्याच्या आधारे घरी ठेवणे धोक्याचे आहे. संच चालू असताना देवघरातील दिवा आणि स्वयंपाकघरातील शेगडी दूर असावी. ओळखीच्या घरी संच आठवडाभर ‘असू द्या’ म्हणून पडून राहतो आणि दुसऱ्या गल्लीत कोणी गुदमरत असतो, म्हणून परतीची तारीख आधीच लिहून घ्यावी.

देरासर आणि उपाश्रयाचा प्रश्न नाजूक आहे. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्युषणाच्या अखेरच्या दोन दिवसांसाठी मुंबईतील दादर, भायखळा आणि चेंबूर येथील तीन देरासरे उघडण्यास अनुमती दिली, ती एका वेळी पाच आणि दिवसभरात अडीचशे भाविक या अटीवर. म्हणजे दर्शनाची शिस्त आखता येते. वेळपत्रक करणारा आणि ते न वशिल्याने पाळणारा माणूस तेवढा हवा. पायी विहार करणाऱ्या साधू-साध्वींची काळजी अधिक घ्यावी लागते, कारण ते घरोघर जातात. ज्या घरी ताप आहे त्या घराने गोचरीची किंवा आहाराची विनंती करू नये आणि संघास तसे कळवावे. याची लाज वाटण्याचे कारण नाही.

निधीबाबत थोडेसे. साथनिधीचे खाते स्वतंत्र असावे, दोन सह्यांशिवाय रक्कम निघू नये, आणि दर आठवड्यास जमा-खर्च सूचनाफलकावर लावावा. औषध किंवा सिलिंडर मिळवून देतो असे सांगून आगाऊ रक्कम मागणारे भामटे साथीत हमखास उगवतात. अनोळखी खात्यात पैसे पाठविण्यापूर्वी माल प्रत्यक्ष पाहणाऱ्या व्यक्तीचा होकार घ्यावा.

कुटुंबाच्या कागदांकडेही आजच पाहावे. कर्ता पुरुष आठ दिवसांत गेला आणि पत्नीस कोणत्या बँकेत काय आहे हेच ठाऊक नाही, अशी घरे कोरोनाने दाखविली. प्रत्येक ठेवीवर नामनिर्देशन असावे. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते, पण त्यामुळेच ती वारस ठरत नाही, हे ध्यानात घेऊन मृत्युपत्रही करावे. भागीदारी पेढीत एक भागीदार अंथरुणास खिळल्यास धनादेशावर सही कोणाची, हे करारात लिहिलेले असावे. खाती, विमा, लॉकर, उधारी-उसनवारी आणि चालू कर्जे यांची यादी एका कागदावर करून ती पती-पत्नी दोघांनी वाचावी. एक प्रत कपाटात आणि एक विवाहित कन्येकडे ठेवावी.