किडनीचा आजार झाला म्हणून खाट धरू नका

मंडळी, आपल्याकडे माणूस आजारी पडला की घरचे पहिल्यांदा काय करतात? अंथरूण घालतात. "तू पडून राहा, काडीलाही हात लावू नकोस," असे म्हणतात. ताप असेल तर हे बरोबर आहे. पण काही आजार चार दिवसांत जात नाहीत, वर्षानुवर्षे सोबत राहतात. किडनीचा जुना आजार असाच असतो. या आजारात माणूस सारखा पडून राहिला तर अंगातली उरलीसुरली ताकदही जाते. असे का होते, आणि त्यावर काय करावे, ते या धड्यात पाहू.

किडनीचे काम

किडनीला पुस्तकात मूत्रपिंड म्हणतात. माणसाला दोन किडन्या असतात. कण्याच्या दोन्ही बाजूंना, खालच्या बरगड्यांच्या आड त्या असतात. एकेक किडनी आपल्या मुठीएवढी असते. रूप घेवड्याच्या दाण्यासारखे.

रक्त गाळणे हे त्यांचे मुख्य काम. रक्त पुन्हा पुन्हा किडनीतून फिरते. दिवसभरात सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते. म्हणजे जवळजवळ एक मोठे पिंप भरेल एवढे! त्यातले बहुतेक पाणी पुन्हा रक्तात जाते. दीड-दोन लिटर तेवढे घाण घेऊन लघवीवाटे बाहेर पडते.

साखरेचा आजार आणि वाढलेला रक्तदाब ही किडनी बिघडण्याची दोन मोठी कारणे आहेत. ती फारच बिघडली की यंत्राने रक्त साफ करावे लागते. त्याला डायलिसिस म्हणतात.

अंगातले मांस का उतरते?

हाडांवरच्या मांसाला स्नायू म्हणतात. त्यांच्या जोरावर आपण उठतो, बसतो, घागर उचलतो. किडनीच्या आजारात हे स्नायू झिजतात. त्याची कारणे अशी :

पहिले कारण : रक्तातले जास्तीचे आम्ल किडनी बाहेर टाकते. ती थकली की आम्ल साठते. ते स्नायूंना झिजवते.

दुसरे कारण : तोंडाची चव जाते, अन्नावरची वासना उडते. पोटात अन्न नाही, तर अंगात मांस कुठून येणार?

तिसरे कारण : नवे रक्त तयार करा, असा निरोप किडनीच हाडांच्या आतल्या मगजाला पाठवते. तो निरोप कमी पडला की अंगातले रक्त कमी होते. मग चार पावले चालले तरी दम लागतो.

चौथे कारण : दम लागतो म्हणून माणूस बसतो. बसला की स्नायू आणखी सुकतात. सुकले की आणखी लवकर दम लागतो. हे रहाटगाडगे एकदा सुरू झाले की थांबत नाही.

कुणाचा हात मोडल्यावर प्लास्टर घातलेले तुम्ही पाहिले असेल. महिन्या-दीड महिन्याने ते काढले की हात कसा दिसतो? काडीसारखा. त्या हाताला आजार नव्हता. तो फक्त वापरात नव्हता. मग जो माणूस सहा महिने खाटेवर असतो, त्याच्या मांड्या-पोटऱ्यांचे काय होत असेल, याचा विचार करा. असा माणूस परसाकडे जाताना पडतो. पडला की हाड मोडते. मग खाट खरोखरच सुटत नाही.

इथे एक फसवणूक होते, तीही सांगतो. "वजन तर तेवढंच आहे की!" असे घरचे म्हणतात. पण या आजारात अंगात पाणी साठते. मांस उतरते, सूज चढते, आणि काटा तोच आकडा दाखवतो. म्हणून वजनावर विसंबू नका. हात न टेकता खुर्चीवरून उठता येते का, ते पाहा. पूर्वी येत होते आणि आता येत नसेल, तर डॉक्टरांना सांगा.

व्यायामाने काय होते?

खरे ते सांगावे. व्यायामाने बिघडलेली किडनी नवी होत नाही. औषध आणि पथ्य सुटत नाही. पण अंगातली ताकद टिकते, आणि गेलेली थोडी परतही येते.

याचा ताळा परदेशात घेतला गेला आहे. इटली देशात डायलिसिसवरच्या २९६ रोग्यांचे दोन गट केले. एका गटाने सहा महिने घरच्या घरी, ठरवून दिलेल्या गतीने चालण्याचा व्यायाम केला. दुसऱ्या गटाने नेहमीचेच उपचार घेतले. सहा मिनिटांत माणूस किती चालतो, हे आधी आणि नंतर मोजले. व्यायाम करणारे आधी सरासरी ३२८ मीटर चालत होते, ते ३६७ मीटर चालू लागले. दुसरा गट ३२१ वरून ३२४ वर, म्हणजे जवळपास तिथेच राहिला. हा निकाल २०१७ साली छापून आला. यासाठी यंत्र लागले नाही, तालीम लागली नाही.

काय करावे?

आधी डॉक्टरांना विचारावे. त्यांनी हो म्हटले की हळूहळू सुरुवात करावी.

चालणे : सकाळ-संध्याकाळ, ऊन नसताना, पाच-पाच मिनिटे चाला. चार दिवसांनी एखादे मिनिट वाढवा. दिवसाला अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, इथपर्यंत पोचायचे आहे. चालताना बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग कमी करा.

उठबस : खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तिच्यावर बसा आणि उठा. पाच वेळा करा. पुढे दहा वेळा.

टाचा उचलणे : दाराची चौकट धरा. टाचा वर उचला, खाली टेका. याने पोटऱ्या भरतात.

असे ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेत. श्वास रोखून जोर लावू नका. जोर-बैठका काढून पैलवान व्हायचे नाही.

"आम्ही तर शेतात राबतोच की," असे कोणी म्हणेल. पण भर उन्हात घाम गाळत राबणे वेगळे आणि मापात व्यायाम करणे वेगळे. उन्हात अंगातले पाणी आटले तर किडनीला इजा होते.

काय टाळावे?

छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, धडधडत असेल, चक्कर किंवा ताप असेल, त्या दिवशी व्यायाम नको. व्यायाम करताना असे झाले तर लगेच थांबा. छातीत दुखले तर दवाखाना गाठा.

डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडून फिस्टुला केलेला असतो. त्या हाताने जड ओझे उचलू नका. डायलिसिस करून आल्यावर अंग गळून जाते. त्या वेळी विश्रांती घ्या.

व्यायामानंतर कोणी मायेने शहाळे देईल. किडनीच्या रोग्याने ते विचारल्याशिवाय पिऊ नये. त्यात पोटॅशियम नावाचा क्षार पुष्कळ असतो. किडनी तो बाहेर टाकू शकली नाही, तर हृदय बंद पडण्याची भीती असते. पाणीही डॉक्टरांनी सांगितले तेवढेच प्यावे.

अंग दुखले म्हणून दुकानातून दुखण्याची गोळी आणू नका. अशा पुष्कळ गोळ्या किडनीला बाधतात. अंगात मांस भरण्याची पावडरही आपल्या मनाने घेऊ नका. डाळ, अंडी, दूध किती खावे, हे प्रत्येक रोग्याचे निराळे असते. डायलिसिसवरच्या माणसाला ते जास्त लागते. डायलिसिस नसलेल्याला कधी कमी करायला सांगतात. शेजाऱ्याचे पथ्य आपण उचलू नये.

घरच्यांना दोन शब्द

माया करा, पण हातात सगळे आयते देऊ नका. आजीला शेंगा निवडू द्या. दादांना पारापर्यंत चालू द्या, हवे तर नातवाला सोबत पाठवा. आईला तिचा पाण्याचा तांब्या तिचा तिला भरून घेऊ द्या.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा हे तीन प्रश्न कागदावर लिहून न्या. आता तुम्हांला लिहिता येते.

१. मी रोज किती चालू?
२. कोणता व्यायाम मला चालणार नाही?
३. डाळ, अंडी, दूध मी किती खावे?

डॉक्टर जे सांगतील तेही त्याच कागदावर लिहून घ्या, आणि घरी आल्यावर सगळ्यांना वाचून दाखवा.