दोराचा हिशेब

शाळेच्या विज्ञानात ‘साधी यंत्रे’ हा धडा येतो तेव्हा उतरण, पाचर आणि तरफ झाल्यावर कप्पीची पाळी लागते. चित्रात विहीर असते आणि चित्राखाली एक वाक्य: स्थिर कप्पीचा यांत्रिक फायदा एक. म्हणजे वीस किलोची बादली वर काढायला वीस किलोचंच बळ लावायचं. (बळ किलोत मोजल्याबद्दल न्यूटनवाल्यांनी क्षमा करावी, बाजारात आपण तसंच मोजतो.) मग ‘एक’ फायदा म्हणजे फायदा नाहीच की, असं एखादं चौकस पोर विचारतं. ‘दिशा बदलते’ एवढं सांगून धडा घाईने चल कप्पीकडे वळतो. माझ्या मते ही घाई नेमकी चुकीच्या जागी होते. जगातल्या निम्म्या कप्प्यांची करामत त्या ‘एक’मध्येच आहे.

कप्पीशिवाय बादली काढणारा माणूस काठावर वाकतो आणि हात-कंबरेच्या जोरावर दोर वर खेचतो. कप्पी आली की तो सरळ उभा राहून दोर खाली ओढतो, आणि त्याचं स्वतःचं वजन कामाला लागतं. साठ किलोच्या माणसाला तीस किलोची बादली काढताना निम्मं अंग दोरावर टाकलं की पुरतं. मर्यादाही तिथेच आहे. बादली साठच्या पुढे गेली तर ती वर येणार नाही, माणूसच उचलला जाईल.

शिवाय चाक फिरतं म्हणून दोर घासत नाही. ही गोष्ट वाटते त्याहून फार मोठी आहे. फिरत्या चाकाऐवजी नुसत्या पक्क्या ओंडक्यावरून दोर टाकून पाहा. घर्षणगुणांक ०.३ धरला, तर अर्ध्या वळशातच लागणारं बळ अडीच पटीच्या वर जातं. वीस किलोच्या बादलीला पन्नास किलोची ओढ लागते. चाकाने ही उधळपट्टी आसापाशी, इवल्याशा त्रिज्येत आणून ठेवली. पण कप्पी ज्या तुळईला टांगलेली असते, तिच्या वाट्याला दुप्पट येतं. एका बाजूने वीस किलोची बादली ओढते, दुसऱ्या बाजूने वीस किलोने माणूस. तुळईवर चाळीस आणि वर कप्पीचं वजन. आडवं लाकूड ‘बादलीच्या मानाने’ निवडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

या स्थिर कप्पीचा सर्वात अक्कलहुशारीचा वापर आपल्याकडे मोटेने, म्हणजे बैलांनी विहिरीतून ओढून काढायच्या कातडी पखालीने, केला. मोटेवर गाणी पुष्कळ झाली, तिच्या यांत्रिकीबद्दल मात्र आपण फारसं बोलत नाही. बैल खोल विहिरीतून वर काही उचलू शकत नाही. त्याला पुढे चालता येतं, एवढंच. विहिरीच्या काठावर उंच बसवलेलं चाक उभ्या ओढीला आडवं करतं आणि बैलाचं चालणं म्हणजेच पाण्याचं वर येणं होतं. फायदा एकच असल्याने बैल जितके फूट चालतील तितकेच फूट मोट वर येणार. म्हणून जुन्या विहिरीपुढची धाव, म्हणजे बैलांची चालायची वाट, पावलांनी मोजली की पाणी किती खोल होतं याचा साधारण अंदाज बांधता येतो.

आता धाव उतरती का ठेवतात ते पाहू. बैलजोडीचं वजन आठशे किलो समजा आणि उतार सात फुटांत एक फूट. उताराच्या दिशेने जोडीचं वजनच सुमारे ११४ किलोची ओढ देतं. पाणी, कातडं आणि भिजलेला नाडा (मोटेचा जाड दोर) मिळून पावणेदोनशे किलो धरले, तर बैलांनी स्नायूंच्या जोरावर ओढायचे उरले साठेक किलो, घर्षणाचा भाग वेगळा. त्यातही मोटकरी उतरताना ताणलेल्या नाड्यावर बसतो, तो काही केवळ आरामासाठी नव्हे. त्याचं वजनही ओढीत जमा होतं. अर्थात उतार फुकट मिळत नाही. रिकामी मोट आत सोडताना त्याच बैलांना आपले आठशे किलो घेऊन धाव चढावी लागते, आणि तीही उलट्या पावली. जड काम हलक्या वेळी उरकून घ्यायचं, असा हा सौदा आहे.

पण खरी गंमत दुसऱ्या दोरात आहे. मोटेला नुसतं तोंड नसतं, खाली कातड्याची लांब सोंड असते. जाड नाडा मोटेच्या तोंडाला बांधलेला आणि वरच्या चाकावरून गेलेला. बारीक सोंदूर सोंडेच्या टोकाला बांधलेला आणि थारोळ्याच्या, म्हणजे पाणी पडायच्या कुंडाच्या, कडेवर बसवलेल्या आडव्या लाकडी रुळावरून गेलेला. दोन्ही दोर शेवटी जुवालाच येतात. मोट वर येत असताना सोंद­ुराने सोंडेचं टोक उचलून धरलेलं असतं, त्यामुळे पाणी सांडत नाही. काठाशी आल्यावर मात्र दोन दोरांच्या वाटा फुटतात. मोट उंच चाकाकडे वर चढत राहते आणि सोंड खालच्या रुळावरून थारोळ्याकडे आडवी ओढली जाते. सोंडेचं टोक मोटेच्या खाली येताच सगळं पाणी धबाबा बाहेर पडतं. ना तोटी, ना झडप, ना काठावर मोट उलटी करायला उभा केलेला दुसरा गडी. उत्तरेकडच्या चरस नावाच्या साध्या मोटेला तो गडी लागे. इथे दोन कप्प्यांच्या उंचीतल्या चार-पाच फुटांच्या फरकाने एका माणसाची मजुरी वाचवली. शोध लावणाऱ्याचं नाव इतिहासात नाही. पेटंटच्या काळात जन्मला असता तर कदाचित असतं.

साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर पाहताना लोक कमानी आणि विहिरीतल्या महालाचे फोटो काढतात. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. मला तिथे सर्वात थरारक वाटतात त्या वरच्या मोटांच्या जागा. एकाच विहिरीवर बारा मोटा चालवायच्या, तर बारा जोड्यांना एकमेकींच्या वाटेत न येता धावायला जागा हवी. तो आराखडा विहीर खणण्याआधीच कुणाच्या तरी डोक्यात पक्का असणार.

मग मोटेला चल कप्पी लावून बैलांचा भार निम्मा का केला नाही? कारण दोर दुप्पट लागला असता, आणि धावही दुप्पट. चाळीस फुटांच्या विहिरीला ऐंशी फुटांची धाव, तेवढी जमीन अडकलेली आणि प्रत्येक खेपेला दुप्पट वेळ. शेतकऱ्याने बळ उतारातून मिळवलं, दोरातून नाही.

चल कप्पीचा व्यवहार इतका रोखठोक आहे. दोराचं एक टोक वर पक्कं बांधा, दोर खाली कप्पीखालून फिरवून परत वर न्या आणि ओझं त्या कप्पीला टांगा. आता ओझं दोराच्या दोन पदरांवर पेललं जातं, प्रत्येकावर निम्मं. तुम्ही एकच पदर ओढता, म्हणून बळ निम्मं. पण ओझं एक फूट उचलायचं तर दोन्ही पदर एकेक फूट आखडावे लागतात, म्हणून दोर दोन फूट ओढायचा. पुढे कितीही गुंतागुंतीची मांडणी असली तरी सूत्र बदलत नाही: ओझ्याकडच्या कप्पीला पेलणारे पदर मोजा, तेवढा फायदा. उंच इमारतींच्या बांधकामावरची टॉवर क्रेनही हेच करते. हुक दोन पदरांवरून चार पदरांवर घेतला की ती दुप्पट वजन उचलते, निम्म्या वेगाने.

आर्किमिडीजने कप्प्यांच्या संचाने माणसांनी आणि मालाने भरलेलं तीन शिडांचं जहाज बसल्या जागेवरून ओढून हिअरो राजाला थक्क केलं, ही कथा प्लूटार्कने त्याच्यानंतर तीनशे वर्षांनी लिहिली. ती जशीच्या तशी खरी मानायला माझं मन घेत नाही. कप्प्या वाढवाल तसं घर्षणही वाढतं. प्रत्येक चाक आपला वाटा कापून घेतं आणि दहाव्या-बाराव्या चाकानंतर नव्या चाकाने दिलेलं बरंचसं घर्षणातच जातं. पण रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियसने वर्णन केलेली तीन आणि पाच चाकांची उचलयंत्रं काल्पनिक नव्हती, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या.

कप्पीची सर्वात मोठी गिऱ्हाइकं मात्र शिडाची जहाजं. चौऱ्याहत्तर तोफांच्या एका युद्धनौकेला सुमारे हजार कप्प्या लागत: शिडं चढवायला, वळवायला, तोफा मागे-पुढे करायला, नांगर आणि होड्या उचलायला. नेपोलियनशी झुंजणाऱ्या ब्रिटिश नौदलाला वर्षाला लाखभर कप्प्या हव्या होत्या, आणि प्रत्येक कप्पी बरीचशी हाताने घडत होती. मार्क ब्रुनेलने १८०१मध्ये कप्प्या करणाऱ्या यंत्रांचं पेटंट घेतलं, हेन्री मॉड्स्लेने ती यंत्रं घडवली आणि सॅम्युअल बेन्थमने ती पोर्ट्‌समथच्या गोदीत बसवून घेतली. एक यंत्र एल्म लाकडाच्या ठोकळ्याला भोक पाडायचं, दुसरं खाच कोरायचं, तिसरं कडा गोलावायचं. आतलं चाक लिग्नम व्हायटी या लोखंडासारख्या टणक लाकडाचं. १८०८ साली तिथून एक लाख तीस हजार कप्प्या बाहेर पडल्या, आणि पूर्वी एकशे दहा कसबी कारागीर जे करत ते दहा साधे मजूर करू लागले. सुटे भाग एकसारखे आणि लोखंडी यंत्रांनीच बनवलेले, असं प्रचंड उत्पादन जगात पहिल्यांदा जिथे झालं, त्यात या कारखान्याचं नाव अग्रभागी आहे. एकशे दहाचे दहा झाले, तेव्हा उरलेल्या शंभरांचं काय झालं याबद्दल यंत्रांचे इतिहास गप्प असतात, आणि ते मला खटकतं.

त्याच वर्षांत मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातले जमशेटजी बोमनजी याच नौदलासाठी सागवानाची जहाजं बांधत होते. चौऱ्याहत्तर तोफांची ‘कॉर्नवॉलिस’ १८१३मध्ये मुंबईच्या पाण्यात उतरली. तिच्यावरच पुढे १८४२मध्ये इंग्रज-चीन यांच्यातला नानकिंगचा तह झाला. १८१७ची ‘त्रिंकोमाली’ तर आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. डोलकाठ्यांभोवतीच्या त्या दोरखंडांच्या जाळ्यात कप्प्यांची गर्दी नीट पाहता येते.

गॅरेजात इंजिन उचलायची चेन-पुली हा वेगळाच चमत्कार आहे. १८६०च्या सुमारास थॉमस वेस्टनने ती प्रचारात आणली. वर एकाच आसावर जखडलेली दोन चाकं असतात, एक किंचित मोठं आणि एक लहान. साखळी ओढली की मोठं चाक जितकी साखळी गुंडाळतं, त्याहून जरा कमी लहान चाक सोडतं. ओझं उचललं जातं ते या फरकाच्या निम्म्याने. चाकांच्या त्रिज्या दहा आणि नऊ असतील तर फायदा वीस पट. आणि घर्षण इतकं की हात सोडला तरी इंजिन खाली येत नाही. इथे घर्षण नुकसान करत नाही, राखण करतं.

लिफ्टचंही तेच. तिचा दोर चाकाला बांधलेला नसतो, नुसता खाचांतून टाकलेला असतो. घर्षणच त्याला धरून ठेवतं. दुसऱ्या टोकाला प्रतिभार असतो. लिफ्टचा डबा हजार किलोचा, क्षमता सहाशे किलोची, तर प्रतिभार साधारण तेराशे ठेवतात. गच्च भरलेली लिफ्ट वर नेताना मोटारीला सोळाशे नव्हे, तीनशे किलोचाच फरक ओढायचा असतो. रिकामी लिफ्ट वर जाताना तर मोटार तिला रोखून धरत असते. रायगडचा १९९६ पासूनचा रोपवे याच तोलाच्या तत्त्वावर चालतो. दोराला फार लहान चाकावरून वळवलं की त्याच्या तारा तुटत जातात, म्हणून लिफ्टचं चाक दोराच्या जाडीच्या निदान चाळीस पट मोठं ठेवतात.

मोट गेली ती ऑइल इंजिनांमुळे. किर्लोस्करांचा इंजिनांचा पुण्याचा कारखाना १९४६चा. पण कप्पी विहिरीवरून लगेच हलली नाही. इंजिन आणि पंप यांच्यामध्ये पट्ट्याच्या रूपाने ती राहिलीच. १८५६मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी चालू झाली, तेव्हापासून गिरण्यांमध्येही छताखालच्या लांब आसावरून पट्टे खाली येत आणि एक इंजिन सगळी खाती फिरवी. पिठाच्या गिरणीत आजही पाहा. मोटारीवर पाच इंची पुली आणि जात्यावर बारा इंची, तर मिनिटाला १४४० फेऱ्यांच्या ६०० होतात आणि पीळ तेवढ्याच पटीने वाढतो. पट्टा आठाच्या आकड्यासारखा उलटा टाकला की जातं उलटं फिरतं.

दिवाळीच्या तोंडावर इमारतींना रंग काढायला जे झोपाळे लटकतात, त्यांच्यात एक जुनं कोडं आहे. गच्चीच्या आकड्याला स्थिर कप्पी, दोराच्या एका टोकाला रंगाऱ्याची पाटी, दुसरं टोक त्याच्याच हातात. माणूस आणि पाटी मिळून सत्तर किलो. त्याला पेलणारे पदर दोन, एक पाटीचा आणि एक हातातला, म्हणून प्रत्येकावर पस्तीस आणि आकड्यावर सत्तर. हात अवघडले म्हणून त्याने हातातलं टोक शेजारच्या खिडकीच्या ग्रिलला बांधलं, तर आता त्याला पेलणारा पदर एकच उरतो. दोरावरचा ताण पस्तीसचा सत्तर होतो आणि आकड्यावरचा भार सत्तरचा एकशेचाळीस. रंगारी तोच, दोर तोच, हललं काहीच नाही. पन्नास किलोला तुटणारा जुना दोर असेल, तर सकाळभर टिकलेला तो गाठ मारल्याबरोबर तुटेल.