नाव देणारे हात

सायखेड्याला गोदावरीची ओळख करून द्यावी लागत नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सायखेडा-चांदोरीचा परिसर पाण्याने वेढला गेला होता. अशा वेळी ज्याची माडी उंच, त्याचे दार सर्वांना उघडे असते. कोणाचे मूल कोणाच्या कुशीत निजले, हे कोणी विचारीत नाही. पाणी ओसरले की मुले आपापल्या घरी परततात. परंतु ज्या मुलाला परतण्यासाठी घरच नाही, त्याचे काय? या प्रश्नाचे एक उत्तर मराठी साहित्यात कविवर्य नारायण सुर्वे यांच्या जीवनाच्या रूपाने उभे आहे.

१९२६ च्या सुमारास मुंबईच्या रस्त्यावर एक बेवारस तान्हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला सापडले. गंगाराम आणि त्यांची पत्नी काशीबाई यांचे जीवन चाळीतले आणि मिळकत बेताचीच. तरीही त्यांनी ते मूल घरी आणले, त्याला नारायण हे नाव आणि आपले आडनाव दिले, शाळेत घातले. मुलाची जात कोणती, कूळ कोणते, हे जाणण्याचा मार्गच नव्हता.

हा आसरा मात्र बालपण सरेपर्यंत टिकला नाही. नारायण चौथीपर्यंत शिकला, आणि पुढे गंगाराम गिरणीतून निवृत्त होऊन कोकणातील आपल्या गावी निघून गेले. जाताना त्यांनी मुलाच्या हाती दहा रुपये ठेवले. जन्मतः टाकले गेलेले मूल दहा-बारा वर्षांच्या वयात पुन्हा एकटे पडले. मग परक्या घरची धुणी-भांडी, हॉटेलातील कपबश्या, हमाली, गिरणीतील काम असे जे मिळेल ते करावे लागले. रात्रीचा निवारा पुष्कळदा पदपथाचाच असे.

या दुःखाने त्यांना कडवट करून सोडले असते, तर नवल नव्हते. पण सुर्वे कामगार चळवळीत आले, वाचू लागले, लिहू लागले. मुंबई महापालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून काम करताना त्यांनी सातवीची परीक्षा दिली आणि पुढे ते शिक्षक झाले. १९६२ मध्ये ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आणि १९६६ मध्ये ‘माझे विद्यापीठ’ हे काव्यसंग्रह प्रसिद्ध झाले. गिरणगावाची बोली आणि श्रमिकांचे जगणे त्यांच्या कवितेतून मराठी साहित्याच्या मध्यभागी आले. शाळेत मुलाचे नाव घालायला आलेल्या आईला बापाचे नाव सांगता येत नाही, हा प्रसंग त्यांनी कवितेत आणला. नावावाचून मूल किती उघडे पडते, हे त्यांना कोणाकडून ऐकावे लागले नव्हते.

१९९५ मध्ये परभणीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, १९९८ मध्ये पद्मश्री आणि २००५ मध्ये आपल्या नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार, असे सन्मान त्यांना लाभले. १६ ऑगस्ट २०१० रोजी त्यांचे निधन झाले. तोवर ते नारायण गंगाराम सुर्वेच राहिले. अर्ध्या वाटेवर सोडून गेलेल्या पित्याचे नाव त्यांनी कधी टाकले नाही. हाती ठेवलेले दहा रुपये काही दिवसांत संपले असतील. नाव आणि अक्षरओळख मात्र जन्मभर पुरली.

उत्तराध्ययन सूत्रातील हरिकेशबल मुनींची कथा आपण चातुर्मासात श्रवण करतो. चांडाळ कुळात जन्मलेल्या त्या मुनींना यज्ञमंडपातून हाकलण्यात आले; पण त्यांचे तप कुळाहून श्रेष्ठ ठरले. मनुष्य जन्माने नव्हे, कर्माने थोर होतो, हे आपण मान्य करतो. मात्र व्यापारी घराण्यांत दत्तक घेण्याचा विषय निघाला, की पेढीला वारस हवा आणि तो आपल्याच गोतातील हवा, असा विचार प्रथम येतो. गंगाराम यांच्याजवळ पेढी नव्हती. त्यांनी वारस शोधला नाही, रडणारे मूल उचलले.

आज अशा मुलांसाठी कायद्याची वाट आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये दत्तकविधानाखेरीज प्रतिपालकत्वाचीही तरतूद आहे. त्यात बाल कल्याण समितीच्या आदेशाने मूल ठरावीक काळासाठी एखाद्या कुटुंबात वाढते आणि समिती त्याच्या हिताकडे लक्ष ठेवते. जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे याची चौकशी करता येते. निराधार मूल आढळल्यास १०९८ या क्रमांकावर कळवावे. ज्यांना मूल घरी आणणे शक्य नाही, त्यांना एखाद्या मुलाच्या शिक्षणाचा भार उचलता येईल. मात्र एकदा हाती घेतलेले मूल स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंत सोडू नये. नारायण चौथीनंतर एकटा पडला आणि तरला. प्रत्येक मूल तरतेच असे नाही.