भोवऱ्यापासून बेब्लेडपर्यंत

वार्षिक परीक्षा संपली, की एकेकाळी वाड्यांच्या आणि चाळींच्या अंगणांत गोट्या, भोवरे आणि विटी-दांडू अवतरत. यातले फारसे काही विकत आणावे लागत नसे. सागरगोट्या म्हणजे एका काटेरी झुडपाच्या बिया. लगोरीला फरशीचे तुकडे आणि एक चेंडू पुरे. 'आमच्या वेळची मजा आता राहिली नाही' अशी खंत प्रत्येक पिढी व्यक्त करते. मात्र, खेळणी का बदलली, याचा शोध घेतला तर मुलांच्या आवडीपेक्षा साहित्य, जागा, बाजारपेठ आणि कायदा यांचाच वाटा मोठा दिसतो.

जुने खेळ नुसते खेळ नव्हते. विटी-दांडूत अंतर मोजताना मुले 'वकट, लेंड, मूंड, नाल' म्हणत. तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या अंकांशी असलेले त्यांचे साम्य स्पष्ट आहे. शेजारच्या भाषेचा हा ठेवा कोणत्याही पाठ्यपुस्तकाविना पुढच्या पिढीकडे गेला. मुलींच्या भाटुकलीने सावंतवाडीच्या चितार आळीतील कारागिरांना काम दिले. पांगाऱ्यासारखे हलके लाकूड आणि लाखेचे रंग ही त्या खेळण्यांची ओळख.

साच्याची किमया

प्लास्टिकने हे गणित बदलले. लाकडी खेळणे कातावर एकेक करून घडवावे लागते. प्लास्टिकच्या एका साच्यातून हजारो नग एकसारखे निघतात. साहजिकच किंमत उतरली आणि बाहुली, मोटार, चहाचा संच सामान्य घरांत पोहोचला. ज्यांना पूर्वी लाकडी खेळणीही परवडत नव्हती, त्यांच्यासाठी ही मोठीच सोय होती, हेही मान्य करायला हवे.

ऐंशीच्या दशकात दूरचित्रवाणीने पुढचे पाऊल टाकले. जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' मालिका सुरू झाली आणि गल्लोगल्ली धनुष्यबाण व गदा दिसू लागल्या. त्याच वर्षी फनस्कूल या कंपनीची स्थापना झाली. तिच्या गोव्यातील कारखान्यातून परदेशी नावांची खेळणी भारतीय मुलांच्या हाती येऊ लागली. आता खेळण्याआधी त्याची गोष्ट पडद्यावर येऊ लागली होती.

जपानमध्ये १९९९ साली बाजारात आलेला बेब्लेड हे याचे उत्तम उदाहरण. कार्टूनच्या पाठबळावर तो आपल्याकडेही पोहोचला. मुळात तो भोवराच! पण भोवऱ्याला जाळी गुंडाळण्याची आणि नेमका झटका देण्याची कला शिकावी लागते. बेब्लेडमध्ये दातेरी पट्टी ओढली, की काम झाले. मुलांचे कौशल्य हाताकडून सुट्या भागांच्या जुळवणीकडे सरकले.

स्वस्ताईची किंमत

१ एप्रिल २००१ रोजी आयातीवरील उरलीसुरली संख्यात्मक बंधने उठली. त्यानंतर चिनी खेळण्यांनी बाजार व्यापला. २००७ मध्ये रंगातील शिशामुळे जगभरातून लाखो खेळणी परत मागवावी लागली, तेव्हा धोका सर्वांच्या लक्षात आला. लहान मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालते आणि शिसे मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. जानेवारी २००९ मध्ये भारताने चिनी खेळण्यांच्या आयातीवर बंदी घातली. पण काही आठवड्यांतच ती शिथिल झाली.

ठोस बदल घडला तो नंतर. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट मिळाली, अन्यथा चाचण्यांचा खर्च सावंतवाडीसारख्या ठिकाणच्या छोट्या कारागिरांना पेलणे कठीण होते. रस्त्यावर बिनचिन्हाचे चकचकीत प्लास्टिक खेळणे घेताना पालकांनी एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

अंगण कुठे गेले?

खेळणे सुरक्षित करता येते. पण खेळायला जागा कायद्याच्या एका आदेशाने मिळत नाही. वाड्यांच्या जागी इमारती आल्या, अंगणांत वाहने उभी राहिली. लगोरीला दोन संघ लागतात, मोबाइलवरील खेळाला एक कोपरा पुरतो. त्यामुळे मूल मोबाइल का सोडत नाही, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा घराबाहेर, वाहनतळात दडलेले असते.

लगोरीत नियमांवरून भांडण झाले, तर ते मुलांनाच मिटवावे लागे. मोबाइलवर नियम आधीच ठरलेले असतात. भांडून पुन्हा एकत्र खेळायला शिकवणारे खेळणे अद्याप कोणत्याही साच्यातून निघालेले नाही. त्यासाठी सोसायटीच्या आवारातील दोन मोटारींची जागा सायंकाळी तासभर मोकळी ठेवली, तरी सुरुवात होऊ शकेल.