फातोर्ड्याचा सामना आणि परतीची गाडी

आपल्या गावांतल्या मुली आता शाळेच्या मैदानावर फुटबॉल खेळतात. त्यांना एकदा मोठं मैदान दाखवावं, आपणही बघावं, असं गटागटांत बोललं जातं. आपल्या सिंधुदुर्गातून सोयीचं मैदान म्हणजे मडगावजवळचं फातोर्डा. म्हणून आज तिथं रेल्वेनं कसं जायचं ते सांगतो.

हे मैदान १९८९ पासून आहे. तिकिटावर नाव जवाहरलाल नेहरू स्टेडियम असं असतं, पण रिक्षावाल्याला नुसतं फातोर्डा म्हटलं तरी पुरतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे दोन्ही उपांत्य सामने इथंच झाले. म्हणजे पोरींनी गाजवलेलं हे मैदान आहे.

आता पहिली गोष्ट. आधी परतीची गाडी बघा, मग सामना निवडा. आपण बहुतेक वेळा उलटं करतो. सामन्याचा हिशेब सोपा आहे. पंचेचाळीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पंधरा मिनिटं विश्रांती, शिवाय वाया गेलेल्या वेळेची भर. म्हणजे दोन तास धरा. बाद फेरीचा सामना बरोबरीत राहिला तर आणखी वेळ लागतो. २०२२ मध्ये कोलंबिया आणि नायजेरियाचा सामना पेनल्टीवरच सुटला होता. मग गर्दीतून बाहेर पडायचं, वाहन शोधायचं आणि तीन-चार किलोमीटरवरचं मडगाव स्टेशन गाठायचं. साडेसातला सुरू झालेला सामना असेल तर साडेदहाच्या आत स्टेशनवर पोचू असं धरून चालू नका.

म्हणून दोनच वाटा. संध्याकाळी लवकर सुरू होणारा सामना निवडा, नाहीतर रात्री मडगावात राहून सकाळच्या गाडीनं या. राहायचं तर नातेवाइकांना आधी कळवा, किंवा रेल्वेच्या विश्रामकक्षात खोली मिळते का ते निघण्याआधीच बघा. परतीची गाडी आपल्या स्टेशनावर थांबते ना, हेही विचारा. सगळ्या गाड्या सगळीकडे थांबत नाहीत. सावंतवाडीचं स्टेशन तर शहरापासून बरंच लांब आहे. रात्री उतरल्यावर घरी कोण नेणार, ती रिक्षा निघण्याआधीच ठरवा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेव्हा जुन्या वेळेवर विसंबू नका.

तिकिटाचं बघू. कुडाळ, सावंतवाडीहून मडगाव दोनशे किलोमीटरच्या आत आहे. अशा अंतराचं बिनआरक्षित तिकीट काढलं की तीन तासांत किंवा पुढची पहिली गाडी सुटेपर्यंत प्रवास सुरू करावा लागतो. म्हणून ते तिकीट गाडीच्या वेळेलाच काढा. पाच वर्षांखालच्या मुलांना रेल्वेचं तिकीट लागत नाही. वाटेत कुणी त्रास दिला तर १३९ ला फोन लावा. हा नंबर प्रत्येकीच्या फोनमध्ये हवा.

मडगावला उतरल्यावर बाहेर मोटारसायकलवाले दिसतील. गोव्यात त्यांना पायलट म्हणतात. एकटीदुकटीला ते ठीक, पण गटानं जाताना रिक्षा किंवा बस करा. भाडं बसण्याआधी ठरवा.

मैदानाच्या दारात तपासणी होते. बायकांची तपासणी बायकाच करतात, लाजायचं कारण नाही. पाण्याची बाटली, डबा, काडेपेटी, अडकित्ता आत नेऊ देत नाहीत. डबे गाडीतच संपवा आणि पिशवी लहान ठेवा. तिकिटावर दार, रांग, खुर्ची लिहिलेली असते. चुकीच्या दाराला उभं राहिलं तर पूर्ण फेरी मारावी लागते. सगळी तिकिटं एकीच्याच फोनमध्ये ठेवू नका. गर्दीत चुकामूक झाली तर भेटायची जागा आत जाण्याआधीच ठरवा, आणि लहान मुलांच्या खिशात आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला.

एवढी बारीक तयारी कशाला, असं कुणी विचारेल. पहिल्याच खेपेला बायका रात्री स्टेशनवर अडकल्या, तर घरचे पुढच्या खेपेला "नको" म्हणतात. तो नकार मग मुलीच्या खेळापर्यंत पोचतो. उद्या तिला तालुक्याला, जिल्ह्याला सामन्याला जायचं असेल तेव्हा हीच आठवण पुढे येते. आपण वेळेवर, हसत घरी आलो तर तिची वाट मोकळी होते.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत वेळापत्रक समोर घेऊन बसा. येताना कुठली गाडी, ते आधी लिहा. मग तिकिटाचे पैसे गोळा करा.