ओव्हल मैदानावर सातवीचा वर्ग

गेल्या आठवड्यात सातवीच्या मुलांना घेऊन चर्चगेटजवळच्या ओव्हल मैदानावर गेले होते. जुन्या मुंबईची वास्तुकला शिकवायला याहून सुंदर जागा मला माहीत नाही.

पूर्वेला 1878 साली पूर्ण झालेले उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर. दगड, टोकदार कमानी, उंच मनोरे. पश्चिमेला 1930च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. या दोन्ही शैलींसाठी हा परिसर 2018 मध्ये जागतिक वारसा यादीत आला.

शैलीचं नाव आधी सांगूच नका! कागद-पेन्सिल द्या आणि पश्चिमेकडच्या एकाच बाल्कनीचं चित्र काढायला लावा. गोलाकार कोपरे, जहाजावर असतात तसे आडवे कठडे, खिडक्यांवरून सलग वळणारे छज्जे, सगळं मुलांना आपसूक दिसतं.

मग विचारा, असं का?

दगडी इमारतीत भार भिंत पेलते, म्हणून ती जाड. आर्ट डेको इमारती आरसीसीच्या, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या; त्यांत तो खांब आणि तुळया पेलतात. त्यामुळे कोपऱ्यातही खिडकी काढता येते, बाल्कनी खांबाशिवाय बाहेर काढता येते. छज्जे आहेत ते मुंबईच्या उन्हापावसासाठी. आणि जहाज? त्या काळात आगबोट म्हणजे वेग, आधुनिकपणा.

तिथून इरॉस सिनेमा (1938) दोन पावलांवर. त्याचा पायऱ्यापायऱ्यांनी वर चढणारा मनोरा जरूर दाखवा.

दादर-माटुंग्यातही अशा इमारती भरपूर आहेत. शाळेसाठी फेरी आखायची असेल, तर काय हवं ते विचारा. तुमच्या भागातल्या इमारतींचे फोटोही टाका, मिळून ओळखू.