स्मार्ट करार आणि पावसाची नोंद : कोणत्या निरोप्यावर विसंबावे?

मराठवाड्यातील शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून आहे. पावसाने ताण दिला की नांदेड-लातूर भागातील सोयाबीन करपते आणि एकदम कोसळला की तेच पीक पाण्याखाली जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्याने अशा अतिवृष्टीचा फटका सोसला. नुकसानीनंतर भरपाई मिळणार की नाही, हे पुष्कळदा पावसाच्या एका आकड्यावर ठरते. २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला तर त्या महसूल मंडळात अतिवृष्टी धरली जाते. अर्धापूर भागातील केळी उत्पादकांच्या हवामान आधारित फळपीक विम्यातही मंडळातील केंद्राने नोंदवलेले तापमान व वाऱ्याचा वेग यांवरून भरपाई ठरते. २०१७ साली सुरू झालेल्या महावेध प्रकल्पातून मंडळ पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली, ती अशाच नोंदींसाठी.

स्मार्ट करार म्हणजे काय?

करारातील अटी संगणकाच्या आज्ञावलीत लिहून त्या ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या सामाईक वहीत, नोंदविल्या की त्यास स्मार्ट करार म्हणतात. अट पूर्ण झाली की रक्कम आपोआप दिली जाते. अर्ज, टेबल, सही लागत नाही. आपल्याकडील पीक विमा योजना अशा करारावर चालत नाहीत. मात्र केनियात एटेरिस्क व एकर आफ्रिका या संस्थांनी लहान शेतकऱ्यांसाठी असा विमा चालविला. २०२२ मध्ये लेमोनेड फाउंडेशनने चेनलिंक, एटेरिस्क, पुला आदींना सोबत घेऊन तेथेच आघाडी उभी केली.

या करारास एक मोठी उणीव असते. त्याला बाहेरचे जग दिसत नाही. शिवारात पाऊस पडला का, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. हा निरोप आणणाऱ्या व्यवस्थेस 'ऑरॅकल' म्हणतात. आपल्याकडे पंचनाम्यातील पंचांचे जे काम, तेच येथे ऑरॅकलचे. पंच एकटा असेल तर तो चुकू शकतो किंवा फितूर होऊ शकतो. म्हणून अनेक निरोप्यांची जाळी तयार करण्यात आली.

जाळ्यांचे प्रमुख प्रकार

१) अनेक निरोपे, मधला आकडा : चेनलिंक हे जाळे २०१९ पासून इथेरियम या ब्लॉकचेनवर सुरू आहे. यात अनेक स्वतंत्र चालक माहिती आणतात व त्यांच्या आकड्यांतील मधला आकडा धरला जातो. बँड या जाळ्याची स्वतःची साखळी असून माहिती आणणारे चालक सोडत पद्धतीने निवडले जातात. त्यांची अनामत रक्कम अडकलेली असते.

२) मूळ मोजणाराच निरोप्या : एपीआय-थ्री या पद्धतीत माहिती तयार करणारी संस्था स्वतःच ती करारापर्यंत पोचविते. मधला दलाल राहत नाही, जबाबदारी स्पष्ट राहते. परंतु संस्था एकच असल्यास सर्व भिस्त तिच्यावरच पडते.

३) हरकतीची मुदत : उमा या पद्धतीत एक जण अनामत ठेवून माहिती मांडतो. ठराविक मुदतीत कोणी हरकत घेतली नाही तर ती खरी धरली जाते. हरकत आल्यास टोकनधारक मतदान करतात. खर्च कमी येतो, पण ज्याच्याजवळ टोकन जास्त त्याचे मत जड. मार्च २०२५ मध्ये पॉलीमार्केट या पैजांच्या बाजारात युक्रेनच्या खनिज कराराविषयीचा निकाल याच कारणाने वादग्रस्त ठरला.

मधला आकडा कशासाठी?

समजा, एका मंडळात पाच पर्जन्यमापक आहेत. त्यांपैकी एकाच्या नरसाळ्यात पालापाचोळा अडकला आणि त्याने शून्य दाखविले. नोंदी अशा : ०, ६६, ६८, ७०, ७१ मिलिमीटर. सरासरी ५५ येते, म्हणजे ६५ ची अट पूर्ण होत नाही व भरपाई बुडते. मधला आकडा ६८ आहे, अट पूर्ण होते. बिघडलेल्या एका यंत्राने निकाल बदलत नाही.

आता उलट विचार करावा. मंडळात पर्जन्यमापक एकच आहे आणि तोच तुंबला आहे. त्याची नोंद पाच निरोप्यांनी अत्यंत प्रामाणिकपणे आणली, तर पाचही आकडे शून्य आणि मधला आकडाही शून्यच. विहिरीत नाही ते पोहऱ्यात येत नाही. निरोपे वाढविल्याने वाटेतील लबाडी टळते, मापनातील चूक मात्र टळत नाही. म्हणून जाळ्यांची तुलना करताना निरोपे किती यापेक्षा मापके किती, हे आधी पाहणे महत्त्वाचे होय.

तुलना करताना पाहावयाच्या बाबी

• मोजमाप किती ठिकाणी होते आणि आपल्या शेतापासून ते किती अंतरावर आहे?
• निरोपे खरोखर वेगवेगळ्या स्रोतांतून माहिती घेतात की सर्व एकाच केंद्रातून?
• चुकीच्या आकड्यावर हरकत घेण्यास मुदत आहे काय व ती शेतकऱ्यास परवडेल काय?
• चुकीची माहिती देणाऱ्याचे काही नुकसान होते काय?
• केंद्र बंद पडल्यास कोणती पर्यायी नोंद धरली जाते?

यातील तिसरी बाब विशेष लक्षात ठेवावी. आपोआप चालणारा करार पैसे लवकर देतो, तसाच तो लवकर नाकारतोही. हरकतीची सोय करारातच नसेल तर दाद मागण्यास जागा उरत नाही.

हे प्रश्न आपल्या सध्याच्या योजनांनाही लागू पडतात. केंद्र शासनाने २०२३ मध्ये सुरू केलेल्या विंड्स उपक्रमात ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक बसविण्याचा उद्देश आहे. तो साध्य झाल्यास मापकांची संख्या वाढेल व एका केंद्रावरील भिस्त कमी होईल.

शेतकरी बंधूंनी काय करावे?

१) गावात किमान एक साधा पर्जन्यमापक बसवावा. झाड वा इमारत यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर तो उघड्या जागी असावा.
२) दररोज सकाळी ८.३० वाजता पाऊस मोजून वहीत तारखेसह लिहावा. नरसाळे स्वच्छ ठेवावे.
३) आपल्या मंडळाचे हवामान केंद्र कोठे आहे ते पाहून ठेवावे. त्याभोवती झाडोरा वाढल्यास किंवा ते बंद आढळल्यास कृषी विभागास लेखी कळवून पोच घ्यावी.
४) शेजारच्या तीन-चार गावांच्या नोंदी महिन्यातून एकदा एकत्र ताडून पाहाव्यात.

गावाच्या वहीतील नोंद विमा कंपनीवर आपोआप बंधनकारक होत नाही. तथापि केंद्राच्या आकड्यावर हरकत घ्यावयाची झाल्यास तारीखवार नोंद हाताशी असणे केव्हाही चांगले. करार कागदावरचा असो वा संगणकातला, त्याचा न्याय शेवटी शिवारातील मापकावरच ठरतो.